कोंड्याचा तक्ता : मेडिकलच्या काउंटरवरून

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर आजपासून दुकान पूर्ण वेळ सुरू. सकाळपासून रात्री नऊपर्यंत अकरा जणांनी कोंड्याचा शाम्पू मागितला. मी वहीच्या मागच्या पानावर खुणा करत होते. सात जण "कोंड्याचा चांगला द्या" एवढंच म्हणाले, दोघांनी जाहिरातीतल्या नटीचं नाव सांगितलं आणि दोघांनी रिकामी पाकिटं आणून दाखवली. मी हाताशी असलेली बाटली काढून दिली. डी.फार्म. होऊन सहा वर्षं झाली. तापाची गोळी देताना मी वय विचारते, इतर औषधं चालू आहेत का विचारते. महिनोन्‌महिने डोकं खाजवणाऱ्या माणसाला मात्र एकही प्रश्न विचारत नाही. हे मला आज फार लागलं.

शेवटी आलेला यंत्रमागावरचा मुलगा म्हणाला, "ताई, लई खाज येऊलालीय. तीन बाटल्या संपल्या, काडीचा फरक नाही." तीन बाटल्यांचे पैसे त्याच्या हजेरीतून गेलेत.

बाबांशी बोलले. काउंटरवर लावायला एकच पान करायचं ठरलं: कोणत्या डोक्याला कोणता शाम्पू आणि तो कसा वापरायचा. संक्रांतीपर्यंत.

७ नोव्हेंबर

दुपारच्या सामसुमीत फळीवरच्या कोंड्याच्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं खाली काढली. चौदा प्रकार निघाले. बाबांचं भिंग घेऊन प्रत्येकाची मागची बाजू वाचली. समोर बर्फ, लिंबू, कडुलिंब, पुदिना यांची चित्रं. मागे बारीक अक्षरात खरं औषध.

चौदा बाटल्यांत मिळून औषधं मोजकीच: केटोकोनॅझोल, झिंक पायरिथिओन, सेलेनियम सल्फाइड, पिरोक्टोन ओलामीन, कोल टार आणि सॅलिसिलिक आम्ल. दोन बाटल्यांत यातलं एकही नाही, नुसता वनस्पतींचा अर्क आणि सुवास. नावात मात्र कोंडा आहेच.

त्या मुलाला फोन करून रिकाम्या बाटल्यांवरचं वाचून दाखवायला सांगितलं. तिन्ही कंपन्या वेगळ्या, औषध एकच. बाटली बदलली की औषध बदललं असं त्याला वाटत होतं. त्यात त्याची काय चूक? आम्हीच तसं विकलं.

८ नोव्हेंबर

तक्त्याचा पहिला कच्चा कागद कंपन्यांच्या नावांनी लिहिला होता. फाडून टाकला. आता औषधाच्या नावाने आणि टक्क्यांनी लिहिणार. केटोकोनॅझोल २ टक्के म्हणजे बाटली लाल असो की निळी, औषध तेच.

११ नोव्हेंबर

आज मुळाशी जाऊन वाचलं, कारण "कोंडा का होतो" हे गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर तक्ता निकामी.

मॅलॅसेझिया नावाची एक यीस्टसारखी बुरशी आपल्या सगळ्यांच्या टाळूवर राहते, ज्याला कोंडा नाही त्याच्याही. लुई-शार्ल मॅलॅसे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. तिला स्वतःला मेदाम्लं तयार करता येत नाहीत, ती टाळूवरच्या तेलावर जगते. तेल फोडताना ओलेइक आम्लासारखी आम्लं मागे सोडते. काहींच्या टाळूला ती सोसत नाहीत. कातडीचा वरचा थर एरवी साधारण महिनाभरात हळूहळू, डोळ्यांना न दिसता झडतो. चिडलेल्या टाळूवर हेच काम घाईने होतं, पेशी नीट सुट्या होण्याआधीच गठ्ठ्याने निघतात, आणि त्यांच्याच त्या खपल्या.

म्हणजे हा मळ नाही. अस्वच्छतेचा रोग नाही. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. वयात येताना टाळूतलं तेल वाढतं, तेव्हाच बहुधा तो सुरू होतो. कॉलेजच्या मुली दुकानात आल्या की बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभ्या राहतात आणि मग हळू आवाजात मागतात. त्यांना हे वाक्य आधी सांगायला हवं.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात मराठीइतकीच तेलुगू चालते, कन्नडही. कोंड्याला तेलुगूत चुंड्रू म्हणतात, कन्नडमध्ये होट्टू. होट्टू म्हणजे धान्याचा कोंडाही. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांना एकच उपमा सुचली, याचा मला उगाच आनंद झाला. तक्त्यावर तिन्ही शब्द घालणार.

१४ नोव्हेंबर

सहा जण वही ठेवायला तयार झाले. दर रविवारी खाजेला शून्य ते दहा गुण द्यायचे, आणि काळ्या कापडावर दहा वेळा कंगवा फिरवून फोटो काढायचा. नावं लिहीत नाही: यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या अक्का, इंजिनिअरिंगचा मुलगा, रिक्षावाले काका, माझी वहिनी, शेजारच्या काकू आणि परवाचा यंत्रमागावरचा मुलगा. सातवी एक नऊ वर्षांची मुलगी, तिची आई घेऊन आली होती. तिला मी शाम्पू दिला नाही. डोक्यावर रुपयाएवढ्या दोन जागी केस तुटलेले आणि त्यावर खपल्या. हा कोंडा नव्हे, गजकर्णासारखी बुरशी केसांच्या मुळात गेल्याची शंका आहे. त्याला पोटातून औषध लागतं, वरून शाम्पू चोळून ते बरं होत नाही. आईला सिव्हिलच्या त्वचा विभागाची वेळ लिहून दिली.

१७ नोव्हेंबर

पहिला रविवार. अक्कांच्या काळ्या कापडावर इतकं पांढरं पडलं की मी घाबरले. भिंगाखाली धरलं तर निम्मे सुताचे तंतू! दिवसभर कांड्या भरायच्या, डोक्यावर कपडा नाही, आणि सूत उडून केसांत बसतं. तंतू लांब, वाकडे, दोन्ही टोकांना विसकटलेले. खपली चपटी, कडा फाटलेली, बोटात चिरडली की तेलकट लागते. लिखा मात्र केसालाच चिकटलेल्या असतात, फुंकरीने हलत नाहीत. तिन्ही पांढरं, तिन्हींचा उपाय वेगळा.

अक्कांना थोडा कोंडा आहेच, पण वर्षभर ज्याला त्या कोंडा समजून घासत होत्या, तो निम्मा कारखान्यातला होता. त्यांना कामावर सुती रुमाल बांधायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढंच?" आणि खूप वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

१९ नोव्हेंबर

कोणाला काय दिलं ते लिहून ठेवते.

इंजिनिअरिंगचा मुलगा आणि यंत्रमागावरचा मुलगा: खाज जास्त, खपल्या तेलकट, साधे शाम्पू करून झालेले. दोघांनाही केटोकोनॅझोल २ टक्के. हे औषध बुरशीच्या पेशीचं आवरण ज्यापासून बनतं ते अर्गोस्टेरॉलच तयार होऊ देत नाही. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे.

वहिनी आणि अक्का: कोंडा सौम्य, खाज कमी. झिंक पायरिथिओन १ टक्का. याचे अतिसूक्ष्म कण धुतल्यावरही टाळूवर चिकटून राहतात, म्हणून हलक्या कोंड्याला पुरतं.

काकू: जुना, हट्टी कोंडा, केटोकोनॅझोल आधी करून झालेलं. सेलेनियम सल्फाइड. हे बुरशीवर चालतं आणि पेशी झडण्याचा वेगही कमी करतं.

रिक्षावाले काका: जाड, चिकटलेले पापुद्रे. आधी सॅलिसिलिक आम्ल आणि कोल टार असलेला, म्हणजे थर सैल होईल आणि पुढचं औषध टाळूपर्यंत पोहोचेल. थराच्या वरून बुरशीचं औषध ओतणं म्हणजे ताडपत्रीवर पाणी शिंपडणं.

२४ नोव्हेंबर

दुसरा रविवार, आणि मी निराश. केटोकोनॅझोलवाल्या दोघांचीही खाज जवळपास तेवढीच, यंत्रमागावरच्या मुलाची आठाची सात. औषध बरोबर, टक्के बरोबर, मुदत संपायला वर्ष बाकी. मग कुठे अडतंय?

२६ नोव्हेंबर

उत्तर मिळालं, आणि ते बाटलीत नव्हतं.

त्या मुलाला विचारलं, "लावून किती वेळ ठेवतोस?" तो म्हणाला, "पाच मिनिटं ठेवतो की." मग खोदून विचारलं. तो राहतो त्या चाळीत आठ बिऱ्हाडांना दोन न्हाणीघरं. सकाळी सहाला कारखान्याची पाळी. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, घरात पिंपात साठवलेलं. दार वाजवणारा बाहेर उभा. अशा वेळी कोण पाच मिनिटं फेस घेऊन बसेल? प्रत्यक्षात अर्धं मिनिट. वरून शाम्पू केसांना लागतो, टाळूला नाही, कारण केसांचा फेस झाला की डोकं धुतल्यासारखं वाटतं. आणि आदल्या रात्री आईने प्रेमाने चोळलेलं खोबरेल.

तेलाचं मी आधी विचारायला हवं होतं. प्रयोगशाळेत हीच बुरशी वाढवायची तर खाद्यात ऑलिव्ह तेलासारखं तेल घालावं लागतं, तेलाशिवाय ती वाढत नाही. आम्ही रात्री तिला जेवण वाढतो आणि सकाळी अर्धं मिनिट हाकलतो.

पण "तेल लावू नका" हे आमच्याकडे कुठल्याही आईला सांगणं अवघड आहे. मी तसं सांगणार नाही. तेल केसांच्या टोकांना लावा, टाळूवर नको, आणि औषधाचा शाम्पू चालू असेपर्यंत रात्रभर नको. एवढं मान्य होईल.

२८ नोव्हेंबर

वेळेचा प्रश्न डोक्यातून जात नाही. न्हाणीघरात पाच मिनिटं मिळत नाहीत, पण घरात मिळतात. घरीच करून पाहिलं. ओट्यावर वाकून तांब्याभर पाण्याने डोकं ओलं केलं, शाम्पू तळहातावर घेऊन बोटांच्या पेरांनी चार ठिकाणी भांग पाडत टाळूला लावला, खांद्यावर जुना टॉवेल टाकला आणि दूध तापायला ठेवलं. दूध वर येईपर्यंत सहा मिनिटं. मग आंघोळीला गेले. न्हाणीघरात फक्त धुणं, तेही नेहमीपेक्षा कमी पाण्यात. डोळ्यांत काही गेलं नाही.

आधी डोकं, मग आंघोळ. तक्त्यावर हेच सर्वांत मोठ्या अक्षरात येईल. घड्याळाची मिनिटं लिहिण्यापेक्षा "दूध वर येईपर्यंत" लिहिते.

२९ नोव्हेंबर

सगळ्यांना फोन केले. नियम नवे, आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

१ डिसेंबर

माझ्याकडून चूक झाली. काकू रागावून आल्या. त्यांच्या दोन्ही चांदीच्या अंगठ्या काळ्या पडल्या. सेलेनियम सल्फाइड धातूला काळं करतं, दागिने काढून मगच वापरायचं असतं. हे मला माहीत होतं, सांगायचं राहिलं. अंगठ्या सराफाकडून मी उजळून आणून दिल्या. त्यातली एक त्यांच्या सासूबाईंची होती. माफी मागितली, त्यांनी चहा पाजला.

याच औषधाने रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांवर छटा येऊ शकते, म्हणून रंग लावल्यावर निदान दोन दिवस ते वापरायचं नाही. कोल टारनेही पांढऱ्या केसांवर पिवळट झाक येते आणि टाळू उन्हाला हळवी होते. सोलापूरच्या उन्हात रिक्षा चालवणाऱ्याला ते सांगायलाच हवं. काकांना टोपी घालायला सांगितलं. तक्त्यावर तिसरा रकाना वाढवला: "देताना हे सांग." तो गिऱ्हाइकासाठी नाही, माझ्यासाठी आणि बाबांसाठी.

४ डिसेंबर

पाण्याबद्दल सारखं विचारलं जातं. "आमच्या बोअरच्या पाण्याने कोंडा होतो का?" साधी चाचणी केली. एकसारख्या दोन बाटल्यांत तेवढंच पाणी, एकीत नळाचं उजनीचं, दुसरीत आमच्या बोअरचं. साबणाचं द्रावण थेंब-थेंब टाकून हलवायचं, टिकणारा फेस येईपर्यंत मोजायचं. नळाच्या पाण्याला ९ थेंब लागले, बोअरच्या पाण्याला २३.

जड पाण्याने कोंडा होत नाही, बुरशीला क्षाराचं काही देणं-घेणं नाही. पण फेस कमी येतो म्हणून लोक शाम्पू दुप्पट घेतात, साबण लावला तर त्याचा चिकट थर केसांत बसतो आणि तोच पुन्हा कोंड्यासारखा दिसतो. डोक्याला कपड्याचा किंवा अंगाचा साबण नको, आणि शेवटचे दोन तांबे जमलं तर नळाच्या पाण्याचे. एवढंच लिहिणार.

८ डिसेंबर

नव्या नियमांनंतरचा पहिला रविवार होऊन गेला, आज दुसरा. यंत्रमागावरच्या मुलाची खाज सातावरून चारवर. त्याने फोटोखाली लिहिलंय, "रात्री झोप लागली." मी तो निरोप बाबांना दोनदा वाचून दाखवला.

वहिनीची खाज तीनवरून एकवर, अक्कांचं कापड जवळपास स्वच्छ. इंजिनिअरिंगचा मुलगा परीक्षेत अडकलाय, दोनदा चुकवलं, फरक थोडा.

रिक्षावाले काका मात्र जिथल्या तिथे. आज नीट पाहिलं तर नाकाच्या बाजूला, भुवयांत आणि कानामागेही तांबूस खपल्या आहेत. ही कोंड्याची थोरली पायरी, सेबोऱ्हिक डर्मटायटिस, याला मलमही लागतं. ते म्हणाले, "तुम्हीच एखादी ट्यूब द्या की." त्यांना हवी ती स्टेरॉइडची ट्यूब मी चिठ्ठीशिवाय देणार नाही, चेहऱ्यावर तर नाहीच. पुढच्या गल्लीत कोणी देईल हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांच्यासमोर बसून समजावलं: आठ दिवस छान वाटेल, पुढे कातडी पातळ होईल. शेवटी सिव्हिलला जायला तयार झाले.

११ डिसेंबर

एका गिऱ्हाइकाचा भाचा जर्मनीला असतो. त्याने कळवलंय की झिंक पायरिथिओनला तिकडे बंदी आहे, मग आपण का विकता? प्रश्न रास्त आहे, म्हणून वाचून उत्तर दिलं. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत ते बंद केलं. त्या पदार्थाचं वर्गीकरण प्रजननाला घातक असं झालं, आणि अशा पदार्थाला पर्याय उपलब्ध असेल तर त्यांच्या कायद्यानुसार तो ठेवता येत नाही. भारतात आणि अमेरिकेत धुऊन टाकायच्या शाम्पूत ते चालतं. ज्यांना नकोच वाटतं त्यांच्यासाठी पिरोक्टोन ओलामीनचा पर्याय आहे, युरोपातल्या बाटल्यांतही आता तेच दिसतं. गरोदर बाईने यातलं काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे तक्त्यावर वेगळ्या चौकटीत.

१५ डिसेंबर

एक जुनी चाचणी वाचली, २००२ साली छापलेली. तीव्र कोंडा आणि सेबोऱ्हिक डर्मटायटिस असलेले ३३१ जण, एका गटाला केटोकोनॅझोल २ टक्के, दुसऱ्याला झिंक पायरिथिओन १ टक्का. चार आठवड्यांनी पहिल्या गटात कोंड्याचे गुण ७३ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्यात ६७. थांबवल्यावर परत येण्याचं प्रमाण केटोकोनॅझोलच्या गटात कमी.

मला वाटलं होतं दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर असेल. नीट वापरलं तर स्वस्त औषधही बरंच पुढे नेतं. ज्याला महाग बाटली परवडत नाही त्याच्याशी आता मी अवघडून बोलणार नाही.

तरी हिशोबही मांडला. तीनशे रुपयांची शंभर मिलिलिटरची बाटली, एका वेळी सहा मिलिलिटर, म्हणजे सोळा वेळा. पहिले चार आठवडे आठ वेळा, पुढे आठवड्यातून एकदा आठ वेळा. एक बाटली तीन महिने. एका धुण्याला एकोणीस रुपये. यंत्रमागावरच्या मुलाच्या तीन बाटल्या दीड महिन्यात संपल्या होत्या, कारण तो रोज अख्ख्या केसांना फासत होता.

२२ डिसेंबर

लिंबाचा एक बळी आला. कोणीतरी सांगितलं म्हणून डोक्याला लिंबू चोळून मुलगा गच्चीवर उन्हात बसला. कपाळावर काळपट डाग आणि आग. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. तक्त्यात तळाशी एक ओळ वाढली.

२९ डिसेंबर

चार आठवडे पूर्ण. यंत्रमागावरचा मुलगा एकवर. इंजिनिअरिंगचा मुलगा तीनवर. काकू दोनवर, अंगठ्या आता आधी काढून देवघरात ठेवतात. नऊ वर्षांच्या मुलीची आई येऊन गेली, सिव्हिलमध्ये गोळ्या सुरू झाल्यात, कातडी साफ होत आहे. रिक्षावाले काका मलम लावतात, भुवया स्वच्छ.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि दोन महिन्यांनी "शाम्पू बाद झाला" म्हणतात. बुरशी जाणार नाही, ती टाळूवर राहणारच. म्हणून सुधारल्यावरही आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा. सगळ्यांना तारखा लिहून दिल्या.

१३ जानेवारी २०२५

आज भोगी. सिद्धरामेश्वरांची यात्रा, तिच्यात ६८ लिंगांना तेलाचं स्नान घालतात. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, निघालेत, रस्त्यावर पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं आणि हलगीचा आवाज. दुकान दुपारपर्यंतच.

भोगीचं न्हाणं म्हणून सकाळी अक्का आल्या होत्या. विचारलं, "आज तेल लावू का?" मी म्हटलं, लावा, सणाचा दिवस आहे, संध्याकाळी औषधाच्या शाम्पूने धुवा, दूध वर येईपर्यंत ठेवून. त्यांनी मान डोलावली आणि तेलुगूत काहीतरी म्हणून हसल्या.

१८ जानेवारी

तक्ता लागला. मराठी मी लिहिलं, तेलुगू अक्कांच्या नातीने, कन्नड बाबांच्या मित्राने. औषधाची नावं डावीकडे, मध्ये कोणत्या डोक्याला, उजवीकडे "देताना हे सांग". सर्वांत वर: आधी डोकं, मग आंघोळ. खाली: चार आठवड्यांत फरक नाही, केस गळून टक्कल दिसतंय, पू आहे, कोपर-गुडघ्यांवरही चंदेरी खपल्या आहेत किंवा मूल बारा वर्षांखालचं आहे, तर बाटली घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.

त्या दोन नुसत्या सुवासाच्या बाटल्या बाबांनी कोंड्याच्या फळीवरून उचलून साध्या शाम्पूंच्या फळीवर ठेवल्या.

संध्याकाळी यंत्रमागावरचा मुलगा त्याच्या पाळीतल्या चौघांना घेऊन आला. तक्त्यासमोर उभा राहून त्यांना तोच वाचून दाखवत होता. मी काउंटरच्या आत बसून ऐकलं.